फळीवरची मोटारसायकल

वहिनींना मोटारसायकल चालवता येत नव्हती. नवऱ्याच्या मागे बसून चार ठिकाणी गेल्या असतील तेवढंच, आणि तेही दोन्ही पाय एका बाजूला सोडून, जीव मुठीत धरून. पण त्या भागातल्या निम्म्याअधिक मोटारसायकलींच्या पोटातून वहिनींची बोटं फिरून आलेली होती, आणि ही गोष्ट त्या मोटारसायकलींच्या मालकांपैकी एकालाही ठाऊक नव्हती.

दुकानाचं नाव 'बंधू ऑटो इलेक्ट्रिक'. बंधू दोन. थोरला म्हणजे वहिनींचा नवरा, तो गेला. धाकटा म्हणजे भाऊजी; ते दुकानाच्या पुढच्या भागात स्टुलावर बसत. पुढच्या आणि मागच्या भागाच्या मधे प्लायवूडचं पार्टिशन होतं. पुढे गाडी, गिऱ्हाईक, चहा आणि भाऊजींची बडबड. मागे एक पिवळा दिवा, सोल्डरिंग आयर्न, राळेचा वास आणि वहिनी.

वहिनी काम करत ते एका फळीवर. फळीला खिळे ठोकलेले होते. वरचे दोन खिळे म्हणजे पुढचे इंडिकेटर, खालचे दोन म्हणजे मागचे, मधे हँडलवरचं बटण, एका कोपऱ्यात बॅटरी, दुसऱ्यात इंडिकेटर लुकलुकवणारा रिले. भाऊजी गाडीतून वायरिंगचा अख्खा गुंता उपटून आणायचे, पार्टिशनच्या वरून मागे टाकायचे, आणि वहिनी तो खिळ्यांवर ताणून बसवायच्या. चाकं नाहीत, टाकी नाही, सीट नाही. नुसत्या शिरा असलेली मोटारसायकल. फळी थोरल्याने बनवलेली. आजारपणात त्याचे हात कापायला लागले, तेव्हा तो खाटेवर उशाला टेकून बसायचा आणि वहिनींना सांगायचा, "नजर माझी, हात तुझे." पुढे नजरही वहिनींचीच झाली. "वायर खोटं बोलत नाही," तो म्हणायचा, "खोटा बोलतो तो जोड." हे तो वायरिंगबद्दलच म्हणत असे. पण एकत्र कुटुंबात नांदलेल्या बाईला असली वाक्यं फार पुरतात.

भाऊजींनी तोवर बरेच धंदे करून पाहिले होते, आणि बऱ्याच धंद्यांनी भाऊजींना करून पाहिलं होतं. भाऊ गेल्यावर ते दुकानात आले, भावाच्या स्टुलावर बसले आणि दोनतीन दिवसांतच असे काही बसले, की पाहणाऱ्याला वाटावं हे स्टूल यांच्याच मापाने तासलंय. माणूस वाईट नव्हता. गोड बोलायचा. वहिनींना कधी 'अगंतुगं' नाही. मान हवा तितका द्यायचा. मानाला खर्च येत नाही.

"मी पुढे बसू का आता?" वहिनींनी पहिल्या वर्षीच विचारलं होतं.

"बसा की. पण वहिनी, गिऱ्हाईक बिचकतं हो. बाईमाणसाने गाडीला हात लावला की त्याला वाटतं, आता ही भाजीची पिशवी अडकवायला हूक बसवणार."

"मग बसू की नको?"

"बघू ना."

भाऊजींचा 'बघू' म्हणजे साधासुधा शब्द नव्हता. 'नाही' म्हटलं की माणूस भांडतो, 'हो' म्हटलं की वाट बघतो. 'बघू' म्हटलं की दोन्ही करता येत नाही. त्या एका शब्दावर भाऊजींनी वहिनींना कित्येक वर्षं पार्टिशनच्या मागे ठेवलं, आणि वर "आमच्या वहिनी म्हणजे घराचा आधार" असं चारचौघांत म्हणण्याचं औदार्यही दाखवलं.

वहिनींना काही फार नको होतं. त्यांना ते स्टूल हवं होतं. नवऱ्याचं होतं म्हणून नव्हे. स्टुलावरून गाडी दिसायची म्हणून, आणि गाडीच्या मालकाला आपण दिसू म्हणून.

मग एलईडीची साथ आली.

पोरासोरांना एकदम साक्षात्कार झाला, की आपल्या गाडीचे गोल, गबदुल, नारिंगी इंडिकेटर म्हणजे आजोबांचा चष्मा. जो तो बाणाच्या आकाराचे, पट्टीच्या आकाराचे, सापाच्या जिभेसारखे एलईडी इंडिकेटर घेऊन यायला लागला. भाऊजींनी जुने काढले, नवे लावले, बटण दाबलं. इंडिकेटर पेटला आणि पेटूनच राहिला. लुकलुकेना.

"मिचमिचत का नाही हा?" गिऱ्हाईक म्हणालं.

"नवीन आहे. लाजतोय," भाऊजी म्हणाले, आणि रिले पार्टिशनवरून मागे टाकला.

वहिनींना कारण लगेच कळलं. जुन्या रिलेच्या आत धातूची एक पातळ पत्री असते. बल्ब हा खादाड प्राणी. तो भरपूर करंट ओढतो, त्या करंटाने पत्री तापते, वाकते, जोड सुटतो, दिवा विझतो. पत्री निवते, पुन्हा चिकटते, दिवा पेटतो. ही झाली लुकलुक. एलईडी उपाशीतापाशी जगणारा. तो इतका कमी करंट घेतो की पत्रीला घामसुद्धा फुटत नाही. "इलेक्ट्रॉनिक रिले मागवा," वहिनी आतून म्हणाल्या. "त्याला तापावं लागत नाही."

पण इलेक्ट्रॉनिक रिले मागवायचा म्हणजे वहिनींचं ऐकल्यासारखं होतं. भाऊजींनी बाजारात विचारपूस केली आणि रेझिस्टर आणले. प्रत्येक एलईडीच्या जोडीला एक रेझिस्टर लावायचा. तो बल्बइतकाच करंट फुकट खातो, आणि रिलेला वाटतं बल्बच बसलाय. युक्ती खोटी नव्हती. फक्त खाल्लेलं अन्न कुठेतरी जातं, तसा खाल्लेला करंटही जातो. त्याची उष्णता होते. एका गड्याने रेल्वेच्या फाटकापाशी इंडिकेटर चालू ठेवून मित्राशी गप्पा मारल्या. गप्पा संपेपर्यंत गाडीच्या मागच्या प्लॅस्टिकला भोक पडलं होतं. तो आला आणि त्या भोकातून बोट घालून दाखवायला लागला.

"हवा खेळती राहते," भाऊजी म्हणाले. पण त्याच दिवशी त्यांनी इलेक्ट्रॉनिक रिले मागवले, आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, "मी म्हणतच होतो."

आता इंडिकेटर लुकलुकायला लागले. फक्त चारही. डावं बटण दाबा, चारही. उजवं दाबा, चारही. गाडी चारही दिशांना एकदम वळणार असल्याची जाहीर घोषणा. भाऊजींनी थोडे दिवस हे 'नवीन फीचर' म्हणून खपवलं. मग एका शिक्षिकेच्या गाडीला मागून टेम्पोने धक्का दिला. टेम्पोवाला म्हणाला, बाई थांबतायत की वळतायत की निरोप घेतायत मला कळेना. बाईंचा हात मोडला नाही, पण त्यांनी दुकानात येऊन भाऊजींना ज्या भाषेत झाडलं, ती त्या शाळेत शिकवत नसाव्यात.

तो गुंता पार्टिशनवरून मागे पडला. वहिनींनी खिळ्यांवर ताणला. बटण दाबलं. फळीवरचे चारही पेटले. एकेक जोड तपासला. सगळे खरे बोलत होते. दुपारभर त्या बोटाने वायर धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत जात राहिल्या. शेवटी कंटाळून त्यांनी फळी उचलली, आणि मीटरच्या आतला तो चिमुकला हिरवा बल्ब, इंडिकेटर चालू आहे हे चालवणाऱ्याला सांगणारा, खाचेतून निसटून खाली पडला.

उजवे दोन विझले. डावे दोन तेवढे लुकलुकत राहिले.

वहिनींनी बल्ब परत लावला. चारही. काढला. दोन. लावला. चार. मग त्या एकट्याच हसल्या. पार्टिशनच्या पलीकडे भाऊजींनी चहाचा घोट घेता घेता विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. चोर सापडला."

त्या हिरव्या बल्बाला स्वतःची अशी अर्थची, म्हणजे करंट लोखंडात उतरवणारी, वायर नव्हतीच. एक टोक डाव्या बाजूला जोडलेलं, दुसरं उजव्या बाजूला. डावीकडे करंट आला की बल्बातून तो उजवीकडच्या वायरीत शिरायचा आणि उजव्या इंडिकेटरांच्या पोटातून गाडीच्या लोखंडात उतरायचा. उजवा दिला की उलट. कधी या घरचं उसनं घ्यायचं, कधी त्या घरचं. जुने बल्ब एवढे ढिम्म की पोटातून इतका बारीक करंट गेला तरी त्यांची झोप मोडायची नाही. एलईडी मात्र चाहुलीनेच जागा होतो. म्हणून डावं दाबलं की उजवाही डोळे मिचकावायचा. वर्षानुवर्षं तो हिरवा दिवा दोन्ही घरांच्या मधे उभा राहून दोघांचं सांगत होता, आणि त्याला स्वतःला टेकायला जागा नाही हे आजवर कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

वहिनींना ते फार लवकर समजलं. का समजलं हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

उपाय सोपा होता. दोन डायोड. डायोड म्हणजे एका बाजूनेच उघडणारा दरवाजा. करंट जाऊ शकतो, परत येऊ शकत नाही. डावीकडून एक, उजवीकडून एक, दोघांची तोंडं हिरव्या बल्बाच्या एकाच टोकाला, आणि दुसरं टोक सरळ लोखंडाला. आपली अर्थ आपल्याला.

भाऊजींनी ते पाहिलं. दोन डायोड म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढ्या दोन वस्तू. त्या पाहून गिऱ्हाइकाला काय वाटणार? त्यांनी वहिनींना त्यावर सुकून दगड होणारी काळी इपॉक्सी ओतायला लावली. गोटीएवढा काळा गोळा झाला, तीन वायरी बाहेर. भाऊजींनी त्याचं नाव ठेवलं 'मेंदू', आणि दुकानावर पाटी लावली, 'येथे गाडीला मेंदू बसवून मिळेल'. ज्या माणसाने जन्मभर स्वतःचा वापरला नाही, तो आता दिवसाला डझनावारी बसवायला लागला. गिऱ्हाईक गोळा कानाशी धरून हलवायचं. "आत काय आहे, भाऊ?" "अनुभव," भाऊजी म्हणायचे.

मागे वहिनी अनुभव सोल्डर करत बसलेल्या.

घरी जाऊबाईंनी ताट वाढताना म्हटलं, "ताई, यांचं डोकं चालायला लागलं बघा अखेर."

"हो ना," वहिनी म्हणाल्या. "दुपारी घोरल्यासारखा आवाज येतो."

अशात कुरियर कंपनीचं काम चालून आलं. कंपनीच्या गाड्या भरपूर, सगळ्यांना कुठल्याशा हुशाराने एलईडी लावलेले, आणि सगळ्या चारही डोळे मिचकावत शहरभर फिरत होत्या. कंपनीच्या गाड्यांचं बघणारा साहेब सांगून गेला, की उद्या माझे दोन मेकॅनिक घेऊन येतो, पटलं तर सगळ्या गाड्या तुमच्याकडे.

त्या संध्याकाळी भाऊजी पार्टिशनच्या मागे आले. उकिडवे बसले. फळीकडे प्रथमच नीट पाहिलं.

"वहिनी, हे काम मिळालं ना, की स्टूल तुमचं. पुढे बसा. गिऱ्हाईक बिचकलं तर बिचकलं."

"बघू म्हणायचं राहिलं तुमचं."

"नाही, शब्द देतो."

वहिनींनी सोल्डरिंग आयर्न खाली ठेवली. इतकी वर्षं न मिळालेली वस्तू अशी सहज समोर आली की माणूस आधी आजूबाजूला बघतो. त्या म्हणाल्या, "बरं."

साहेब आला. नाकीडोळी सरळ, प्रश्नही सरळ. मेंदू हातात घेतला आणि म्हणाला, "मला कळल्याशिवाय मी गाड्या देत नाही. यात काय आहे?"

"सर्किट आहे."

"कसलं?"

"इंडिकेटरचं."

"ते कळलं. करतं काय?"

"ते..." भाऊजींनी आकाशाकडे पाहिलं. तिथे ट्यूबलाइट होती. "वहिनी, जरा बाहेर या."

वहिनी फळी घेऊन बाहेर आल्या. फळी जड, ठेवायची कुठे? भाऊजींना स्टुलावरून उठावं लागलं. वहिनी स्टुलावर बसल्या, फळी मांडीवर घेतली. रस्त्यावरचा उजेड खिळ्यांवर पडला. तो उजेड त्या फळीने थोरल्यानंतर पाहिला नव्हता.

"ही मोटारसायकल," वहिनी म्हणाल्या. दोघं मेकॅनिक हसले, मग हसायचे थांबले, मग पुढे वाकले.

वहिनींनी त्यांना पत्री सांगितली, खादाड बल्ब सांगितला, उपाशी एलईडी सांगितला. हिरवा बल्ब काढून दाखवला, लावून दाखवला. त्यांचा आवाज आधी बारीक होता. दोन वाक्यांनंतर मोकळा झाला. रस्त्यावरचे दोघंतिघं थांबून ऐकायला लागले. भाऊजी खोकले. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. भाऊजींनी डोळ्यांनी सांगितलं, पुरे. आणि वहिनींना ते कळलं, हे लिहून ठेवायला हवं. त्यांना कळलं होतं, की इथे थांबलं तर काम मिळेल, आणि काम मिळालं तर स्टूल. त्या थांबल्याही होत्या.

तेवढ्यात दोघांतल्या म्हाताऱ्या मेकॅनिकने विचारलं, "ताई, पण ज्याने पहिल्यांदा ही गाडी बनवली, त्याने दिवा असा मधे का लटकवला असेल? अर्थ का दिली नाही?"

थोरला गेल्यापासून वहिनींना कुणी 'का' विचारलं नव्हतं. 'झालं का', 'किती वेळ', 'जेवण कुठाय' हे सगळं विचारलं होतं.

"वायर वाचवायला," त्या म्हणाल्या. "एक दिवा, दोन टोकं, दोन्हीकडून काम. तिसरी वायर कशाला? त्या काळी भागतही होतं. भागत होतं म्हणून कुणी बघितलं नाही." आणि मग त्यांनी पक्कड घेतली, मेंदू खिळ्यांमधे धरला आणि कडकन फोडला. काळी टरफलं भाऊजींच्या चपलेवर उडाली. आत तांदळाचे दोन दाणे. "हे बघा. एवढंच आहे. दाण्यावरची ही पट्टी, ती दोन्हींची बल्बाकडे. पट्टी उलटी बसली तर पेटणार नाही, तेवढं सांभाळा."

म्हाताऱ्या मेकॅनिकने दाणे तळहातावर घेतले. "एवढंच?"

"एवढंच."

साहेब उठला. "फार छान समजावलंत. आम्ही बघू, कळवतो."

'बघू' ऐकल्यावर वहिनी फळी घेऊन उठल्या.

कळवायला कुणी आलं नाही. काही दिवसांनी तो म्हातारा मेकॅनिक मात्र वाकडी वाट करून आला, खुल्या मनाने, बिचारा. "भाऊ, तुमची ट्रिक एकदम फिट. सगळ्या गाड्या आम्ही आमच्याच वर्कशॉपमधे केल्या. साहेब सगळीकडे तुमचं नाव घेतात."

भाऊजींनी त्याला चहा पाजला. "अहो, आपण विद्या लपवत नाही," म्हणाले. तो वळणावर दिसेनासा झाल्यावर ते पार्टिशनच्या मागे आले.

"वहिनी, घर बुडवलंत."

"तुम्हीच म्हणालात, बाहेर या."

"तुम्ही बाहेर या म्हटलं होतं. आतलं सगळं बाहेर काढा असं नव्हतं म्हटलं."

या खेपेला भाऊजींचं म्हणणं खोटं नव्हतं. आयुष्यभर चुकीचं बोलणारा माणूस एखाद्या वेळी बरोबर बोलतो, आणि नेमका तेव्हाच आपण त्याच्या समोर असतो.

घरी जाऊबाई म्हणाल्या, "ताई, तुम्ही हुशार आहात हो. पण झाकली मूठ म्हणतात ती उगाच नाही."

"मूठ माझीच होती ना?" वहिनी म्हणाल्या. जाऊबाईंनी ताटात आणखी भात वाढला. आमच्याकडे वाद असेच मिटतात, आणि मग वजन वाढतं.

युक्ती महिन्याभरात बाजारभर झाली. टायरवालासुद्धा दोन डायोड लावून द्यायला लागला. सगळे तिला 'भाऊची ट्रिक' म्हणत. मेंदूची पाटी उतरली. पाठीमागच्या बाजूने ती चांगली होती, म्हणून भाऊजींनी त्यावर 'हॉर्न दुरुस्ती' लिहून घेतलं.

आणि एका सकाळी वहिनी पार्टिशनच्या मागे गेल्या तर तिथे स्टूल होतं. भाऊजींनी स्वतःसाठी हातांची प्लॅस्टिकची खुर्ची आणली होती.

"शब्द दिला होता ना मी," ते पुढून म्हणाले. "काम गेलं तरी शब्द पाळला. नाहीतर म्हणाल."

स्टूल उंच, फळी खाली खोक्यावर. बसून खिळ्यांपर्यंत हात पोचेना. वहिनींनी दोनदा बसून पाहिलं. मग त्या पुन्हा जमिनीवर बसल्या आणि स्टुलावर राळेचा डबा ठेवला. डबा अजून तिथेच आहे.

त्यानंतरची ही एवढीच गोष्ट. वहिनी सामान घेऊन घरी चालल्या होत्या. बोळाच्या तोंडाशी रस्ता ओलांडायला एक पाऊल टाकलं आणि थबकल्या. कुरियर कंपनीची गाडी येत होती. डावा इंडिकेटर लुकलुकत होता, एका तालात, स्वच्छ, ना घाई ना आळस. वहिनी तिथेच उभ्या राहून बघत राहिल्या. गाडीवाल्याला करकचून ब्रेक मारावा लागला.

"ओ काकू, इंडिकेटर दिलाय, दिसत नाही का?"

"दिसतो ना," वहिनी म्हणाल्या. "मी उजवा बघत होते. विझलेला आहे."

गाडीवाल्याने वाकून उजव्या इंडिकेटरकडे पाहिलं, मग वहिनींकडे.

"विझलेला कशाला बघायचा? पेटलेला बघा आणि बाजूला व्हा."

वहिनी बाजूला झाल्या.